आजीचे पवित्र शास्त्र

आमच्या घरी आजीचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे. त्याची बांधणी दोनदा नव्याने करून घ्यावी लागली. मिटलेल्या पुस्तकाची कड पाहिली तरी आजी ते कोठे उघडत असे हे कळते, कारण स्तोत्रसंहितेची पाने जिथे आहेत तेवढाच पट्टा बोटांच्या घामाने तपकिरी झाला आहे. 121व्या स्तोत्राशेजारी तिने पेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्या आहेत. माझ्या वडिलांना विषमज्वर झाला तो दिवस त्यांत आहे, आजोबांची नोकरी गेली तो दिवस आहे, आणि एका तारखेपुढे काहीच लिहिलेले नाही. ती कशाची, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

नाशिकमधल्या शरणपूरच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणातून तेव्हा पांडवलेण्याचा डोंगर दिसत असे. आजी तिकडे हात करून त्याच स्तोत्राच्या आधाराने सांगायची, की डोंगर मोठा आहे खरा, पण आपले साहाय्य डोंगर घडवणाऱ्याकडून येते. रात्रीची जेवणे झाली की ती उष्टी भांडी तशीच ठेवून चटईवर बसे, एक गीत, एक शास्त्रपाठ आणि प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना, एवढाच तिचा क्रम असे. त्या प्रार्थनेत शेजारच्या, आमच्याशी न बोलणाऱ्या काकूंचेही नाव असायचे, आणि त्याचे मला लहानपणी फार नवल वाटे.

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे, आणि ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना पाळायची आहे. मी मात्र वडील झालो तेव्हा ही आज्ञा शिकवणीच्या वर्गासारखी पाळली. मुलांकडून वचने पाठ करून घेतली, चुकले की रागावलो, आणि चर्चच्या मंडळीत त्यांचे कौतुक झाले की त्याचे श्रेय मनातल्या मनात स्वतःकडे घेतले. मुलगा पंधरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी तो शांतपणे म्हणाला, ‘‘पप्पा, तुम्ही आईवर ओरडता आणि दहा मिनिटांनी प्रार्थना करता, तेव्हा मला तिथे बसवत नाही.’’ त्यानंतर तो चटईवर आला नाही. त्याची क्षमा मागायला मला आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस आजही मला बोचतात.

त्या काळात मला लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याने आधार दिला. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले; त्या पतीपासून दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि स्वतःच्या मनाने निर्णय करून 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीचा विश्वास पत्नीकडे आपोआप आला नाही, मग माझा विश्वास मुलाकडे हुकुमाने कसा यावा? टिळकांचे 1919 मध्ये निधन झाले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते, आणि ते पुढे नेण्याचे काम याच लक्ष्मीबाईंनी केले. वारसा म्हणतात तो मला इथे दिसतो. तो सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखा मिळत नाही, घेणाऱ्याने तो स्वतः उचलावा लागतो.

आणि तो रक्ताच्या नात्यानेच जातो असेही नाही. एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले वाढली, ज्यांचे आईबाप कायमचे तुटले होते. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचे हृदय तिथल्या मातीत पुरताना दफनविधीची उपासना त्यानेच वाचली. कोणाच्या तरी शेजारी बसून तो ते वाचायला शिकला असेल. आपल्या मंडळीत एकटी राहणारी, नातवंडे परदेशी असलेली कितीतरी वडीलधारी माणसे आहेत, आणि त्यांच्याजवळ आपली मुले बसवावीत असे मला मनापासून वाटते. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना प्रेषित पौल आधी लोईस आजीचे नाव घेतो, मग युनीके आईचे.

आमच्यापुढची खरी अडचण भाषेची आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकली, त्यामुळे जोडाक्षर आले की अडखळतात, आणि टिळकांच्या गीतांतले शब्द त्यांना परके वाटतात. मी आता पाठांतराचा आग्रह सोडला आहे. मुलगी आजीच्या शास्त्रातून मराठीत वाचते, अडेल तिथे आम्ही थांबतो, आणि एखाद्या शब्दावरच अर्धा तास बोलणे होते. प्रार्थनेआधी घरात कोणाला दुखावले असेल तर ते मी सर्वांसमोर बोलतो. हे सोपे नाही.

मुलगा अजून चटईवर बसत नाही. पण गेल्या महिन्यापासून तो त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहू लागला आहे. परवा बहीण 121व्या स्तोत्रात अडली, तेव्हा त्याने तिथूनच पुढचा शब्द सांगितला. मी मान वर केली नाही, ती पुढे वाचत राहिली.