शेवटची दोन पानं

नववी ‘ड’च्या वाचनतासाला अर्धा वर्ग पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत असतो. त्यांना आळशी म्हणणं मला कधीच पटलं नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ने 2023 साली 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी केली, त्यात जवळपास चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीचा उताराही सरळ वाचता आला नाही. आता मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात सोपी म्हणून ससा-कासवाची गोष्ट द्यायची का? अपमान होतो त्याचा. विषय त्याच्याच वयाचा हवा. वाक्यं आखूड, अक्षर ठळक आणि जोडाक्षरं कमी. बाजारात असं फारसं मिळत नाही, म्हणून शाळेची ग्रंथपाल या नात्याने मीच गोष्टी लिहून झेरॉक्स काढते.

त्या दिवशीची गोष्ट दादागिरीची होती. रग्या रोज मधल्या सुट्टीत समीरचा डबा हिसकावतो, पोरं हसतात. शेवटची दोन पानं मी मुद्दाम टेबलाच्या खणात ठेवली होती.

“पुढं काय व्हावं?” मी विचारलं.

“हाणायचा त्याला!” एका सुरात उत्तर आलं. कुणी पट्टा सुचवला, कुणी समीरला कराटेच्या क्लासला घातलं.

मागच्या बाकावरचा एक जण मान खाली घालून अजून वाचतच होता. शाळा सुटली की तो गॅरेजवर जातो. नखांत काळं ग्रीस, तेच बोट ओळीखाली सरकत होतं. ‘हिसकावला’वर थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. वर्षभरात त्याला एवढं लांब वाचताना मी पाहिलं नव्हतं. मग तो उभा राहिला.

“मॅडम, हाणला. पण दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर रग्याची चार पोरं थांबणार. तवा समीरच्या बाजूला कोण असणार?”

वर्ग गप्प झाला.

“मग काय करायचं?”

“बाकीच्यांनी हसायचं बंद करायचं. एकानं तरी म्हणायचं, डबा दे त्याचा. रग्या हसणाऱ्यांसाठीच करतोय ते.”

अभ्यासकांनी हेच मोजून सांगितलंय. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रसंगांचा 2001 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. बघ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत त्रास थांबला होता. फिनलंडमधला ‘किवा’ हा शालेय उपक्रमही बघ्यांवरच भर देतो. या पोराने यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्याला हे कुठून कळलं असेल, ते मी वर्गात विचारलं नाही. तास संपल्यावर त्याच्या वर्गशिक्षकांशी मात्र बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आम्ही आळीपाळीने स्टँडजवळ थांबू लागलो.

खणातली पानं मी त्याला दिली. त्यांत समीरची वर्गमैत्रीण उठून म्हणते, “डबा दे,” मग आणखी दोघं उठतात, आणि रग्या माफी मागतो.

त्याने उभ्या उभ्या वाचली, पेन्सिल मागितली आणि माफीच्या ओळीवर काट मारली.

“एवढ्यात नाय मागणार तो. डबा ठेवंल आणि जाईल. तेवढंच लिवा.”

‘क’ तुकडीसाठी काढलेल्या झेरॉक्समध्ये ती ओळ नाही.