तिपेडी वेणीचा पाव

गेल्या वर्षभरात आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या स्वयंपाकघरात ज्या पदार्थासाठी सर्वांत जास्त मैदा आला, तो पदार्थ कुंद्या-मांड्यांच्या या गावात कोणी मागितलेला नव्हता. ज्यू लोकांच्या शुक्रवार संध्याकाळच्या जेवणात, म्हणजे शब्बाथच्या, त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, आरंभी मांडला जाणारा, वेणीसारखा गुंफलेला आणि किंचित गोड असा तो पाव. त्याच्या हिब्रू नावातले पहिले अक्षर घसा खरवडून उच्चारावे लागते. ते आपल्याला साधत नाही आणि मग नावाचे सरळ 'हल्ला' होते. "वहिनी, आज हल्ला किती वाजता?" असे धाकटे दीर दारातूनच विचारतात, आणि या विनोदाला आता कोणी हसत नसले तरी तो थांबलेला नाही.

पुण्यात शिकत असताना माझी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, मैत्रीण होती. तिचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून आसपासचे लोक त्यांच्या समाजाला 'शनिवार तेली' म्हणत. घरात मराठीच बोलली जाई आणि ती आमच्या सीमाभागातल्या मराठीपेक्षा पुष्कळ नेटकी होती. शुक्रवारी दिवे लागले की तिच्या आईने विणलेल्या रुमालाखाली दोन चपात्या झाकून ठेवलेल्या असत. दोनच का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या की, ज्यूंच्या पूर्वजांना वाळवंटातल्या प्रवासात आकाशातून पडणारे मान्ना नावाचे अन्न शुक्रवारी दुप्पट मिळे, त्याची ती आठवण. वेणीचा पाव मात्र त्यांच्या घरी मी कधी पाहिला नाही, कारण ती रीत मुळात मध्य युरोपातल्या ज्यूंची. त्यामुळे ही कृती मला कोणाच्या आजीकडून मिळालेली नाही. ती मैदा वाया घालवून शिकलेली आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. या पावात दूध आणि लोणी पडत नाही. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दुधाचे पदार्थ एका जेवणात चालत नाहीत, आणि शब्बाथच्या जेवणात बहुधा मांस असते. म्हणून पाव दोन्हींपासून अलिप्त ठेवतात आणि त्याला मऊपणा येतो तो तेलाने व अंड्यांनी. लोणी घालून केलेला पाव चविष्ट होत असेलही, परंतु त्याला हे नाव देऊ नये असे माझे मत आहे. याच नियमामुळे माझ्या मैत्रिणीकडे नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजवत.

दोन पावांसाठी मी 500 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, दोन अंडी व एक पिवळा बलक, आणि 60 मिलिलिटर शेंगतेल घेते. कोमट पाणी 140 मिलिलिटरपासून सुरू करावे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा लागतो की डब्यातला मैदासुद्धा ओल धरतो, तेव्हा यातलेही चमचाभर मागे ठेवावे लागते. साखर वाढवण्याचा मोह होतो, पण साखर वाढली की यीस्ट मंदावते.

मळण्याच्या बाबतीत मांड्यांचा अनुभव येथे निम्माच कामाला येतो. मांड्याचे पीठ पालथ्या कढईवर रुमालासारखे पसरायचे असल्यामुळे ते तिंबून तिंबून सैल करतात. येथे तिंबणे तितकेच हवे, पण पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवे, नाहीतर पेड एकमेकांत मुरतात आणि भट्टीतून वेणीऐवजी लोड बाहेर येतो. बारा-पंधरा मिनिटे मळून ते झाकून ठेवायचे. एप्रिलमध्ये ते सव्वा तासात दुप्पट होते. डिसेंबरात, जेव्हा येथे सकाळी फरशीवर अनवाणी उभे राहवत नाही, तेव्हा अडीच तासही लागतात. एकदा ती घाई मला नडली. वरून तांबूस दिसणारा पाव बाजूने उभा फाटला आणि आतला पांढरा गाभा बाहेर आला. पीठ पुरते फुगलेले नसले की उरलेली फुगवण ते भट्टीत एकदम उरकते आणि नाजूक जागी फाटते.

खरे कौशल्य पेडांत आहे. पिठाचे सुमारे 145 ग्रॅमचे सहा उंडे करून ते दहा मिनिटे तसेच पडू द्यावेत. ही दहा मिनिटे मी बरेच दिवस वाया गेलेली मानत होते. प्रत्येक पेड लांबवला की रबरासारखा मागे जाई आणि मी त्याच्याशी झटत बसे. विसावलेला उंडा मात्र तळहाताखाली मुकाट्याने लांब होतो. ओट्याला तेल लावू नये, कारण मग पेड नुसता घसरतो, वळला जात नाही. पावणेदोन वीत लांब, पोटात जाड आणि टोकांना निमुळते असे तीन पेड शेजारी ठेवून वेणी मधून सुरू करावी, अर्धी खाली आणि अर्धी वर घालावी, आणि ती सैल ठेवावी. केसांच्या वेणीसारखी आवळली तर फुगायला जागा उरत नाही. शेजारच्या कन्नड आक्का एकदा साखर मागायला आल्या आणि ओट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अय्यो वैनी, इदु जडे!" जडे म्हणजे वेणी.

वेणी पाऊण तास फुगू द्यावी, फेटलेले अंडे दोनदा हलकेच लावावे, वर खसखस भुरभुरावी आणि 180 अंशांवर अर्धा तास भाजावे. छोट्या ओटीजीमध्ये वरची कांब जवळ असल्याने वीस मिनिटांनंतर फॉइल झाकणे आवश्यक आहे.

मागच्या श्रावणाआधी नेमकी याच टप्प्यावर लाईट गेली. फुगलेली वेणी थांबणार नव्हती, म्हणून कुकरची शिटी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरले, पण लांबट वेणी आत मावेना. शेवटी एक लांब पेड वळून त्याचे वेटोळे घातले आणि ते मंद आचेवर भाजले. वरून ते फिकटच राहिले, तरी खालची बाजू खमंग झाली. ज्यू नववर्षाचा पाव असाच वेटोळ्याचा, बहुधा मनुका घालून करतात आणि मधात बुडवून खातात, हे दिरांना सांगितले. त्यांचा त्यावर विश्वास बसलेला नाही.

हिब्रूतला मूळ शब्द या पावाचा नव्हेच. मळलेल्या पिठातून देवासाठी बाजूला काढायच्या वाट्याला तो शब्द होता. आजही साधारण सव्वा किलोपेक्षा जास्त पीठ भिजवले तर धार्मिक घरांत त्यातला सुपारीएवढा तुकडा काढून जाळतात, खात नाहीत. अर्धा किलोला तो नियम लागू होत नाही. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी फक्त, "म्हणजे गोग्रासासारखे," एवढेच म्हटले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तसे ते नाही, कारण गोग्रास गाईच्या मुखी पडतो, पण मी वाद घातला नाही.

सासूबाई अंडे खात नाहीत. अंडे अनिवार्य नाही हे कळल्यापासून एक पाव मी त्यांच्यासाठी नुसत्या पाण्या-तेलाचा करते आणि भट्टीतून निघताच त्यावर साखरेचा पाक फिरवते. त्याची वेणी त्याच घालतात. माझी वेणी मधेच कुठेतरी एक पेड चुकते. त्यांची चुकत नाही, कारण तीन नणंदांच्या शाळेच्या वेण्या त्यांनी घातलेल्या आहेत, आणि टोक दुमडून खाली दाबताना त्यांचा हात अजूनही रिबीन शोधतो.