घाटा आणि वाळवण

खान्देशात उन्हाळ्यात ज्या दिवशी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, असतात, त्या दिवशी घरात एक न सांगितलेला नियम असतो. त्यांच्यासाठी ज्वारीचा घाटा, म्हणजे घट्ट पीठ, शिजायला लागला की ढवळणाऱ्या बाईला हाक मारायची नाही. दारात पाहुणा येवो की फोन वाजो. हात थांबला की गुठळ्या झाल्या, तळ लागला. पण बिबडे थापून उन्हात पडले की तीच बाई बरीचशी मोकळी. अधूनमधून जायचं, कडा सुटल्या का बघायचं, उलटायचं, कोंबड्या हाकलायच्या.

संसारात राहून कथा-कादंबरी लिहिणाऱ्यानं आपल्या कामाची अशीच वाटणी करावी. नवा प्रसंग पहिल्यांदा कागदावर उतरवणं हा घाटा. त्याला सलग पाऊण तास हवा, मधे ‘कुकरच्या शिट्ट्या मोजा हो’ नको. बाकीचं सगळं वाळवण: पात्रांची नावं ठरवणं, संवाद तासणं, पोळ्याच्या प्रकरणात चुकून आमरस आलाय का ते तपासणं. हे डाळ शिजेपर्यंत होतं, क्लासबाहेर पोराची वाट बघत गाडीवर बसूनही होतं. बहुतेकांचं नेमकं उलटं चालतं. पहाटेचा निवांत वेळ कालचं पान सुबक करण्यात जातो आणि नवा प्रसंग सुरू होतो रात्री साडेदहाला, डोळे मिटत असताना.

पाऊण तासात 250 शब्द झाले तरी पुष्कळ. आठवड्यातले चार दिवस धरले तर हजार. म्हणजे चार हजारांची कथा महिन्यात, साठ हजारांची कादंबरी साठ आठवड्यांत. त्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येणार, श्रावणात कानबाई देवी बसणार, कपाशीची वेचणी येणार, लग्नसराई तर आहेच. दीड वर्ष धरा आणि घरच्यांनाही तेवढंच सांगा. ‘दिवाळीपर्यंत होईल’ म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवाळीला कोणी विचारतही नाही.

मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा घाटा पहाटेच उरकावा. दुपारी कूलरसमोर बसलात तर त्याच्या घरघरीत घरातले आवाज बुडतात, हा फायदा. पण ओलसर वाऱ्यानं शाईपेनाची अक्षरं फुटतात आणि सुटे कागद पलंगाखाली जातात. बॉलपेन आणि शिवलेली वही बरी. नळ दिवसाआड येत असेल, तर पाण्याच्या दिवशी लिहायला बसूच नये. अर्धं लक्ष टाकीकडे असतं, नि टाकीही वाहते, पानही.

घरकामात लिहिण्याचा विषय निघाला की आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं (1880-1951) उदाहरण हटकून पुढे येतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. काम करता करता गाणी सुचत आणि मुलगा सोपानदेव वगैरे घरची माणसं ती उतरवून घेत. पण ओवीला जात्याची लय असते, दळण संपेपर्यंत ती जिभेवर राहते. गद्याचं तसं नाही. पहिल्या भाकरीला सुचलेलं वाक्य तिसरी भाकरी थापेपर्यंत गेलेलं असतं. ओट्याजवळच्या खिळ्याला वही-पेन्सिल टांगून ठेवावी. पिठाच्या हातानं पेन्सिल चालते, मोबाइल चालत नाही.

घरच्यांचा राग लिहिण्यावर क्वचितच असतो, तो ‘दहाच मिनिटं’वर असतो. दहाचा तास झाला की पुढच्या खऱ्या दहा मिनिटांवरही विश्वास राहत नाही. ‘साडेसातला उठतो’ म्हणा आणि वाक्य अर्धं असलं तरी उठा. अर्धं वाक्य उद्या बरंच असतं, तिथूनच हात सुरू होतो. मात्र उठण्याआधी दोन मिनिटं काढून पानाच्या तळाशी खुणा लिहाव्यात: ‘सुमन ओट्यावर. पाकीट अजून फोडलेलं नाही. सासरे मागच्या दारानं येतायत.’ त्या नाही लिहिल्या, तर सुमन जेवणाच्या ताटापर्यंत पाठलाग करते, आणि ‘भरीत वाढू का’ हे तीनदा विचारावं लागतं. तिथून भांडण फार लांब नसतं.

घरातलीच माणसं कथेत येणार, ते टळत नाही. नाव बदलून काही लपत नाही. माणूस ओळखू येतो तो लकबीवरून. मिसरीची डबी सासूची घेतली तर बोलणं शेजारणीचं घ्यावं, गाव तापीपलीकडचं. अहिराणी संवाद मात्र घरच्याच कानावर तपासावेत. ‘काय करी ऱ्हायनात?’ मोठ्यानं म्हणून बघितल्याशिवाय ते खरं लागतंय की नाटकी, कळत नाही.

पहिलं वाचन बहुधा नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जातं. दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाला बाड हातात देऊ नये, आणि ‘कशी वाटली?’ तर विचारूच नये. त्याचं उत्तर ‘छान’च येतं. रविवारी सकाळी चहाबरोबर द्यावं, जिथे कंटाळा येईल तिथे पेन्सिलीनं आडवी रेघ मारायला सांगावं आणि समोर बसून तोंडाकडे बघत न राहता पिशवी घेऊन बाजारात जावं. शेवभाजीची शेव संपलेली असतेच.