क्योतोतली आषाढी एकादशी

पुण्यातल्या एका पर्यटन संस्थेत मी सहल व्यवस्थापक म्हणून काम करतो आणि जपानच्या सहली बहुधा माझ्याकडेच येतात. चेरीच्या बहराचे दिवस आणि पाने लाल होण्याचे दिवस हे जपानचे मानाचे हंगाम, पण त्या काळातले दर ऐकून अनेक जण जुलै-ऑगस्टकडे वळतात. २०२४ साली तर येन इतका घसरला होता (जुलैच्या सुरुवातीला एका डॉलरला १६० येनच्या आसपास मिळत होते) की जुलैचा गट जाहीर होताच भरला. गटातले बहुतेक जण साठीच्या पुढचे, बिऱ्हाडाच्या जबाबदाऱ्यांतून मोकळे झालेले आणि चालायची हौस असलेले होते.

प्रवासापूर्वीच्या बैठकीत मी देवळे, बुलेट ट्रेन आणि खरेदी यांवर थोडे आणि उकाड्यावर जास्त बोलतो, ही गोष्ट लोकांना विचित्र वाटते. त्या दिवशीही वाटली. पहिल्याच रांगेत बसलेले नागपूरचे एक निवृत्त अभियंते म्हणाले, "अहो, आम्ही सत्तेचाळीस अंश पाहिलेली माणसं. छत्तीसला काय घाबरायचं?" सगळे हसले. मी त्यांना विचारले, "काका, मृगाचा पहिला पाऊस पडला की तुमचा कूलर काय करतो?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काही नाही करत. नुसती ओली हवा फेकतो." मी म्हणालो की आपले शरीर म्हणजेही कूलरच आहे, आणि जपानी उन्हाळ्यात त्याचे नेमके तेच होते.

मेमधल्या नागपुरात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक साधारण २४ अंश दाखवतो. म्हणजे घाम वाळून अंग तितके थंड होण्याची सोय हवेत शिल्लक असते. क्योतोत ३६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच ओला तापमापक २८च्या पुढे जातो. जपानमध्ये उष्माघाताचा धोका मोजताना याच आकड्याला सर्वाधिक वजन दिले जाते: ओल्या तापमापकाला दहापैकी सात भाग, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्याला दोन आणि नेहमीच्या तापमापकाला फक्त एक. या निर्देशांकाने २८ ओलांडले की कडक सावधगिरी, ३१ ओलांडले की धोका, आणि ३३चा अंदाज असेल तर पर्यावरण मंत्रालय आणि हवामान संस्था मिळून आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला आणि त्या दिवशी पहाटे पाचला इशारा देतात. मी एक छोटे यंत्र सोबत ठेवतो, ते हाच आकडा दाखवते.

बैठकीतल्या बाकीच्या सूचना साध्याच होत्या. सुती कपडे एकदा घामाने भिजले की तिथल्या दमट हवेत वाळत नाहीत आणि दिवसभर अंगाला चिकटून राहतात, म्हणून पातळ, सैल आणि लवकर वाळणारे कपडे घ्यावेत. छत्री पुरुषांनीही उघडावी. तिथले पुरुषही आता उघडतात. मोठ्या बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात कुरियरने जातील, स्टेशनच्या जिन्यांवर कोणी त्या ओढू नयेत. खिशात पंचा किंवा मोठा रुमाल असावा, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात हात पुसायला काही मिळेलच असे नाही. ज्या गोळ्या रोज घेता त्या आपल्या डॉक्टरांना दाखवून, दमट उकाड्यात त्यांचे काय करायचे ते विचारून यावे आणि प्रत्येक पाकिटाचा फोटो मला पाठवावा, पण त्यात औषधाचे मूळ रासायनिक नाव दिसले पाहिजे. आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या डॉक्टरांना काहीच सांगत नाहीत. काकांनी फोटो पाठवला. रक्तदाबाची एक गोळी आणि तिच्या जोडीला लघवी वाढवणारी, म्हणजे आपण जिला पाण्याची गोळी म्हणतो ती. डॉक्टरांनी त्यांना जे नेहमी सांगितले होते तेच त्यांनी मला सांगितले: मीठ कमी, पाणी भरपूर.

त्या वर्षी १७ जुलैला आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी क्योतोच्या गिओन उत्सवातली मोठी मिरवणूक होती. हा उत्सव सन ८६९मध्ये साथीचा रोग शमावा म्हणून सुरू झाला. १७ तारखेला पहिल्या मिरवणुकीत २३ रथ निघतात, त्यांतले मोठे सुमारे पंचवीस मीटर उंचीचे आणि बारा टनांच्या घरातले असतात, आणि ते माणसेच दोरांनी ओढतात. विठ्ठल नाही तर निदान रथ तरी, असे म्हणत अर्धा गट उपाशीपोटी तयार झाला.

क्योतो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे आणि जुलैत तिथली हवा हलत नाही. २०१८ साली तर याच उत्सवातली २४ जुलैची फुलांच्या छत्र्यांची मिरवणूक उकाड्यामुळे रद्द करावी लागली होती. म्हणून मी जागा निवडताना दृश्यापेक्षा निवाऱ्याचा विचार अधिक केला. ओइके रस्त्यावरच्या तिकिटाच्या खुर्च्या सोडून दिल्या, कारण तिथे सावली नसते आणि मागच्यांना दिसावे म्हणून छत्रीही मिटून ठेवावी लागते. त्याऐवजी शिजो आणि कावारामाची हे रस्ते मिळतात तो चौक घेतला. रथ तिथेच वळतात आणि कोपऱ्यावरचे ताकाशिमाया हे मोठे दुकान दहाला उघडते, म्हणजे दहानंतर पन्नास पावलांवर वातानुकूलित जागा हमखास.

सकाळी न्याहारीच्या वेळी मिठावरून छोटा वाद झाला. मी सगळ्यांना क्षारांच्या पुड्या आणि जपानमध्ये उन्हाळ्यात सर्रास मिळणाऱ्या खारट गोळ्या वाटत होतो. उपासाला सैंधव चालते, हे मीठ चालते का, असा प्रश्न निघाला. सोडियम दोन्हीत तेच, असे मी सांगितले. पण धर्मशास्त्राच्या प्रश्नात सहल व्यवस्थापकाचे मत कोण विचारात घेतो? शेवटी गटातल्या एका आजींनी "औषधाला उपास नसतो" असा निकाल दिला आणि बहुतेकांनी पुड्या घेतल्या. काकांनी घेतली नाही. त्यांनी अर्धे केळे खाल्ले, नेहमीच्या दोन्ही गोळ्या घेतल्या आणि दोन लिटरची बाटली भरून घेतली. "पाणी मात्र सारखं पितो, काळजी नको," असे त्यांनी मला आवर्जून सांगितले आणि ते खरेच होते. चौकात उभे राहण्याआधी बाटली अर्धी झाली होती आणि स्वयंचलित यंत्रातून त्यांनी आणखी एक पाण्याची बाटली घेतली होती. शर्ट पाठीवर पूर्ण ओला होता.

सर्वांत पुढचा रथ, नागिनाता-होको, साडेनऊच्या सुमारास चौकात आला. या रथांची लाकडी चाके वळत नाहीत. म्हणून चाकांखाली बांबूच्या ओल्या कांबी अंथरतात, त्यांवर पाणी ओततात, पुढे उभे असलेले चौघे पंखे उंचावून आरोळी देतात आणि दोर आडवे ओढून सगळा डोलारा हिसक्याहिसक्याने काटकोनात फिरवतात. वर बसलेले वादक आणि कळसावरचा लांब खांब त्या हिसक्याने डोलतो. दुसऱ्या हिसक्याला आमच्यातल्या कोणीतरी "पुंडलिक वरदे" म्हटले आणि बाकीच्यांनी साथ दिली. शेजारच्या जपानी कुटुंबाला ते इतके आवडले की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

यंत्रावर तेव्हा निर्देशांक २९ होता. विक्रमी उकाडा नव्हता, जुलैतल्या क्योतोचा रोजचाच होता.

थोड्या वेळाने काका खाली वाकून पोटरी चोळताना दिसले. गोळा आला होता. मी त्यांना दुकानाच्या छपराखाली टेकवले. चारी बाजूंनी "पाणी द्या, पाणी द्या" सुरू झाले आणि ते पीतही होते. मग त्यांनी मला विचारले, "रथ वळणार कधी?" वळलेल्या रथाचे फोटो त्यांच्याच फोनमध्ये होते. मी सांगितले, मिनिटभराने त्यांनी पुन्हा तेच विचारले. डोके दुखते म्हणाले आणि ओकारी झाली, तीही नुसत्या पाण्याची. मी विचारले, "काका, आज एकादशी कुठली?" ते शांतपणे म्हणाले, "कार्तिकी."

जपानमध्ये अशा वेळी विचारायचे तीन प्रश्न ठरलेले आहेत आणि ते तिथल्या शाळा-कार्यालयांतल्या फलकांवर असतात: माणूस भानावर आहे का, स्वतःच्या हाताने पिऊ शकतो का, आणि थंडाव्यात नेऊन प्यायला दिल्यावर बरे वाटते का. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर धड नव्हते. मी काकूंच्या हातातली बाटली काढून घेतली. त्या रागावल्या, ते साहजिकच होते. उन्हात भोवळ आलेल्या माणसाच्या तोंडचे पाणी काढणारा त्यांना दुष्टच वाटला असणार. पण भान नसलेल्या माणसाला ओकारी होत असताना पाजू नये, हा एक भाग झाला. दुसरे म्हणजे, सकाळपासून गटात सर्वांत जास्त पाणी प्यायलेला माणूस पाण्यावाचून आडवा होणार नाही, हे मला दिसत होते.

आमच्या स्थानिक गाइडबाईंनी ११९ क्रमांक लावला. मी काकांना आडवे केले, पाय बॅगेवर ठेवले, पट्टा सैल केला आणि यंत्रातून आणलेल्या थंडगार बाटल्या मानेला, काखेत आणि जांघेत लावल्या. अंगाला हात लावला तर चटका बसत नव्हता. घामही येत होता. खरा उष्माघात असता तर बहुधा अंग भाजल्यासारखे तापलेले लागले असते. रथांसाठी रस्ता बंद होता, पण पोलिसांनी गर्दी बाजूला करून स्ट्रेचर आत आणले. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी वय, आजार, ॲलर्जी विचारली आणि मग विचारले, कोणती औषधे? मी फोन पुढे केला. 'क्लोरथॅलिडोन' हे पाण्याच्या गोळीचे नाव वाचल्याबरोबर त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. गाडी मात्र लगेच हलत नाही, हे ज्यांना माहीत नसते त्यांचा जीव तिथे कासावीस होतो. कोणते रुग्णालय दाखल करून घेईल हे फोनवर ठरेपर्यंत ती जागच्या जागी उभी असते. गट गाइडबाईंच्या स्वाधीन करून मी काकूंबरोबर गाडीत बसलो.

रक्ताचा अहवाल आला. सोडियम १२३. ते १३५ ते १४५ असावे लागते. तरुण डॉक्टरांनी टॅब्लेटवरच्या दुभाषाला मध्ये घेऊन काकूंना समजावले: गोळी मूत्रावाटे मीठ बाहेर टाकते, घामाने आणखी मीठ गेले, जेवणात ते आधीच कमी, आज तर जेवणच नाही, आणि या सगळ्यावर तीन-साडेतीन लिटर नुसते पाणी. रक्त पातळ झाले आणि मेंदूला सूज येऊ लागली. "मग पटकन मीठ द्या," काकू म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले की पटकन भरले तर मेंदूला दुसरी इजा होते, म्हणून सलाइन मोजून-मापून, दर काही तासांनी रक्त तपासून द्यावे लागेल आणि दोन रात्री ठेवावे लागेल. रुग्णवाहिका जपानमध्ये विनामूल्य असते, रुग्णालय नसते. विमा कंपनीचे हमीपत्र येईपर्यंत मी खिडकीवर उभा होतो, आणि ते आले. प्रवास विम्याला "कशाला उगाच" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्यांना गटात घेत नाही.

संध्याकाळी काका स्पष्ट बोलू लागले. काकूंचा उपास चालूच होता. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून मी त्यांच्यासाठी दूध आणि केळी आणली. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे रुग्णालयातच झाले: तांदळाची पेज आणि तिच्यावर मिठात मुरवलेले आंबट लालभडक जपानी आलुबुखार, उमेबोशी. काकांनी पहिल्या घासाला तोंड वाकडे केले आणि मग परिचारिकेला खुणेने आणखी एक मागितले. सत्तेचाळीस अंशांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

उरलेल्या सहलीचे वेळापत्रक मी त्याच रात्री बदलले. तिथे जुलैत पाचच्या आतच उजाडते. फुशिमी इनारीच्या तोरणांची वाट अहोरात्र उघडी असते आणि कियोमिझू देऊळ सकाळी सहाला उघडते. त्यामुळे बाहेरचे सगळे साडेनऊच्या आत उरकायचे, दुपार संग्रहालयात किंवा हॉटेलात काढायची आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडायचे, असे ठरवले. दुपारी झोपायला मिळते म्हटल्यावर पुणेकरांची काहीच तक्रार आली नाही.

नोंदणी अर्जात औषधांच्या रकान्याशेजारी आता आणखी एक रकाना आहे: सहलीच्या काळात कोणते उपास करणार आणि त्यांत काय चालते. ऑगस्टच्या गटातल्या निम्म्या जणांनी तिथे श्रावणी सोमवार लिहिले, एकाने शनिवारही जोडला. त्या दिवसांसाठी मी हॉटेलांकडे दही, उकडलेले बटाटे आणि केळी मागवून ठेवली, पुण्याहून सैंधवाची अर्धा किलोची पिशवी घेतली, आणि पाण्याच्या गोळीवर असलेल्यांना त्यांच्या डॉक्टरांकडून लेखी उत्तर आणल्याखेरीज तिकीट दिले नाही.