चार सूत म्हणजे किती? : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं शेड आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचे बुश, ग्लँड, पिस्टन अशी टर्निंगची, म्हणजे लेथवर जॉब फिरवून कातायची कामं करतो. आप्पांनी एका जुन्या विलायती लेथवर सुरुवात केली, तेव्हा शेडची भाषा सुताची. आठ सूत म्हणजे एक इंच. "अजून अर्धा सूत घे" म्हटलं की मेस्त्रींचा हात बरोबर तेवढाच फिरायचा.

देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ लाच झाला होता. पण कायद्याने लेथ बदलत नाही. आमच्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा स्क्रू, इंचाचा, इंचाला चार आटे. गिऱ्हाईक मात्र मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये असलेले) आटे मागायला लागलं. तेव्हा लीडस्क्रूच्या फिरण्याचा मेळ बसवायला आप्पांनी १२७ दातांचं गिअर करून आणलं. १९५९ साली इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असं ठरलं, त्याची पाचपट १२७. या आकड्याला दुसऱ्या कशाने भाग जात नाही, त्यामुळे १२७ दातांशिवाय हिशेब तंतोतंत बसत नाही. ६३ दातांवर भागवणारेही असतात. छोट्या बोल्टला चालतं, लांब स्क्रूला चूक साठत जाते. ते गिअर लावलं की हाफनट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारी पकड) सोडायची सोय नाही. प्रत्येक कटनंतर मशीन उलटं फिरवून टूल मागे आणायचं. शाळा सुटली की मी ते बघत उभा राहायचो. मेट्रिक म्हणजे फार कटकटीचं काम, असंच तेव्हा वाटायचं.

सीएनसी (कंप्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) घेतल्यावर कटकट संपली असं मला वाटलं. जी२० लिहिलं की मशीन इंचात, जी२१ लिहिलं की मिलिमीटरमध्ये. इतकं सोपं. म्हणून मीही निष्काळजी झालो. एका निर्यातदाराचं काम आलं, ड्रॉइंग इंचात. प्रोग्रॅम इंचातच केला. ऑपरेटरकडे बोअर, म्हणजे बुशचं आतलं भोक, मोजायचं डायल गेज मात्र मिलिमीटरचं. जेवणाआधी त्याने बोअर मोजलं, दोन शतांश कमी भरलं. वेअर ऑफसेटमध्ये (टूल झिजेल तसं माप सुधारायची मशीनमधली नोंद) ०.०२ टाकलं आणि डबा उघडायला गेला. मिलिमीटरमध्ये ते दोन शतांश. इंचात वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.५०८ मिलिमीटर! सकाळपासून माल बरोबर येतोय म्हणून हेल्परने पुढचे अठरा बुश न मोजताच काढले. बोअर मोठं झालेला बुश पुन्हा लहान होत नाही. अठराही भंगारात. त्या पोराला मी बोललो, नको इतकं बोललो. खरी चूक माझी होती. एका जॉबवर दोन मापं मीच चालू दिली होती.

त्या रात्री ठरवलं, शेडमध्ये मिलिमीटरच. ड्रॉइंग इंचात आलं तर आधी ऑफिसात बदलायचं, मूळ आकडा शेजारी कंसात ठेवायचा. हे बदलणं वाटतं तितकं सरळ नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७०, इथवर ठीक. पण ड्रॉइंगवर एक थाऊची सवलत, म्हणजे मापात चालणारा फरक, असेल तर ती ०.०२५४ होते. ती ०.०३ अशी गोल केली, की गिऱ्हाइकाने न दिलेली सूट आपणच घेतली. आम्ही ०.०२५ लिहितो, आतल्या बाजूला. डिजिटल व्हर्नियरवरच्या इंचाच्या बटणावर तर मी एमसील लावून टाकलं. मेस्त्री हसले, पण एमसील काढलं नाही.

कंप्युटरवर वेगळीच गंमत. फॅब्रिकेशनवाले डीएक्सएफ, म्हणजे ड्रॉइंगची फाइल पाठवतात, तिच्यात आकडे असतात. माप कुठलं ते बरेचदा लिहिलेलंच नसतं. इंचाची फाइल मिलिमीटर समजून उघडली तर दहा इंची फ्लँज दहा मिलिमीटरची दिसते, वॉशरपेक्षा बारीक. ते लगेच कळतं, म्हणून धोका कमी. आता फाइलच्या नावातच 'एमेम' लिहून पाठवा, असा आग्रह धरतो. काही जण वैतागतात, मग पाठवतात.

शेडमध्ये मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात. आकडा तोंडी सांगायचा नाही, पाटीवर लिहायचा, आणि पुढे माप लिहायचंच, हाही तेव्हाचाच नियम. 'दोनशे प्रेशर' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, बार की पीएसआय? दोन्ही दाबाचीच मापं. दोनशे बार म्हणजे जवळजवळ २९०० पीएसआय. चुकलं तर टेस्ट बेंचवर सील पहिल्याच दाबात उडेल.

परवा शेडच्या ग्रीलसाठी सळई आणायला मेस्त्रींना लोखंडाच्या दुकानात पाठवलं. चिठ्ठीवर मी १२ एमेम लिहून दिलं होतं. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि दुकानदाराकडे चार सूती मागितली. आली १२ एमेमचीच. चार सूत खरं तर १२.७ भरतं. मी व्हर्नियर लावून दाखवलं. मेस्त्री म्हणाले, "मालक, ग्रीलच आहे की."