केआगे : जिथे होड्या रुळांवरून चढायच्या

क्योतोत पहिल्या दिवशी आम्ही चुकलोच. निवांत नाश्ता करून साडेदहाला केआगे स्टेशनवर उतरलो, तर तिथल्या जुन्या, बंद पडलेल्या रुळांवर गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. किमोनोतल्या मुली, लग्नाचे फोटो काढून घेणारी जोडपी, सेल्फी स्टिका. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, दिसत होता, रूळ काही दिसेनात. साकुरा काय, मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला क्योतोत गल्लोगल्ली आहे. इथे बघायचे ते रूळच. म्हणून दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पुन्हा गेलो. तेव्हा आम्ही दोघं, कुत्रा फिरवणारे एक आजोबा आणि चार-दोन कॅमेरेवाले, बस्स.

हे रूळ आगगाडीचे नाहीत, होड्यांचे आहेत. १८६९ मध्ये राजधानी तोक्योला गेली आणि क्योतोला उतरती कळा लागली. शहर सावरायचं म्हणून बिवा सरोवराचं पाणी डोंगर पोखरून आणायचं ठरलं. काम सोपवलं तानाबे साकुरो या नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरसवदा इंजिनिअरकडे, कारण त्याचा पदवीचा प्रबंधच या कालव्यावर होता! १८८५ ला सुरू झालेलं काम १८९० ला पुरं झालं. पण केआगेला पाणी एकदम ३६ मीटर खाली उतरतं, तिथून मालाची होडी नेणार कशी? तर ५८२ मीटर उतारावर रुळांच्या दोन जोड्या टाकल्या. चाकांचा गाडा पाण्यात बुडवायचा, होडी त्यावर घ्यायची आणि मालासकट दोराने ओढायची. एक गाडा वर येताना दुसरा खाली.

दोर ओढायला आधी पाणचक्की लावायचा बेत होता. १८८८ मध्ये तानाबे अमेरिकेत ॲस्पेनचं वीजघर पाहून आला आणि बेत बदलला. कालव्याच्याच पाण्यावर १८९१ मध्ये केआगेचं वीजघर सुरू झालं. (आपलं खोपोलीचं १९१५ चं.) त्याच विजेवर १८९५ मध्ये क्योतोत ट्राम धावली. पुढे रेल्वे आणि ट्रकनी माल पळवला, १९४८ मध्ये होड्यांचे गाडे थांबले. उतारावर एका गाड्यावर होडी ठेवलेली आहे, तिच्यापाशी दोन मिनिटं थांबाच. तिचं आकारमान पाहिल्यावर रूळ इतके रुंद का, ते कळतं.

क्योतो स्टेशनवरून मेट्रोच्या करासुमा लाइनने करासुमा ओइके, तिथे तोझाई लाइन पकडून केआगे. या दिवसांत बसच्या नादी लागू नका. तिकीट नाही, फाटक नाही, कधीही जा. स्टेशनवरून आधी वरच्या टोकाला चढा, तिथल्या बागेत तानाबेचा पुतळा आहे, आणि मग रमतगमत उतरा. रुळांमध्ये खडी आहे. बायकोच्या नव्या सँडल्सनी पहिल्याच दिवशी राम म्हटला, बूट घाला. बाबागाडी तर आणूच नका.

उतरण्याआधी स्टेशनजवळचा नेजिरी मानपो चुकवू नका. रुळांखालून तिरका जाणारा हा १८८८ चा विटांचा बोगदा. वरून होड्यांचं वजन जाणार म्हणून आतल्या विटा पीळ दिल्यासारख्या रचल्यात. आत उभं राहून वर पाहिलं की किंचित गरगरतं. पलीकडे दहा मिनिटांवर नानझेनजी मंदिर. त्याच्या आवारात विटांच्या कमानींवरून तोच कालवा वाहतो, आणि तो बघायला पैसे लागत नाहीत. बाजूचा चढ चढलात तर पाणी वाहताना दिसतं.

उताराच्या खालच्या टोकाशी कालव्याचं छोटं संग्रहालय आहे, फुकट. आम्हाला सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागला. सोमवारी सहसा बंद असतं, तेवढं बघून जा. भूक लागली तर नानझेनजीजवळ युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं तोफू, मिळतं. शाकाहारी असाल तर सॉसमध्ये मासळी आहे का, ते आधी विचारा. आम्ही विचारलं, होती. शेवटी बॅगेतल्या दशम्यांवर भागवलं.