समुद्राच्या भरतीची वाट बघत बसलेलं आमचं मंडळ

आमच्या मंडळाच्या हिवाळी पक्षी शिबिराची तारीख धानावर ठरते. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, नवेगावबांधच्या तलावाभोवतीच्या गावांतली माणसं, त्यामुळे धानाचे चुकारे हातात आल्याशिवाय वर्गणी देणार कोण आणि मागणार तरी कोण. मग डिसेंबरचा शेवट नाहीतर संक्रांतीच्या आधीचा आठवडा.

सुरुवातीला शिबिर तलावावरच व्हायचं. कोलू पाटलांनी बांधलेला तो तलाव, भोवती सात बहिणींचे डोंगर आणि थंडीत आलेली लालसरी, तलवार बदकं, थापट्या. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते, त्यामुळे पक्ष्यांबद्दल बोलणं आमच्या भागात कोणाला वेगळं वाटत नाही, तलावात मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या ढिवराला विचारा की ज्ञानेश्वरी सांगावी तसा पाणपक्षी सांगतो. पण मोठे गुरुजी दरवर्षी म्हणायचे की एवढ्या लांबून आलेली पाखरं फक्त आपल्याच पाण्यावर उतरत नाहीत, बाकीची कुठं जातात तेही पोट्ट्यांना दाखवलं पाहिजे. असं करत एका वर्षी महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं निघाली आणि मग समुद्राचं शिबिर कायमचं चालू झालं.

ती गाडी सकाळी गोंदियाहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला टेकते, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा. तिथून एसटीनं राधानगरी, फोंडा घाट, कणकवली आणि खाली मालवणकडे. घरून निघताना कानटोपी, स्वेटर, वरून चादर, कारण गोंदियाचा पारा जानेवारीत दहाच्या खाली जायला वेळ लागत नाही. आणि घाट उतरला की एकेक करून सगळं पिशवीत जातं. पहिल्यांदा आलेली पोट्टी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हवा चाचपतात, जानेवारीत अशी ऊबदार हवा असू शकते यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. संध्याकाळी सूर्यपण आपल्यापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा मावळतो, तर पोरं म्हणतात, गुरुजी, इथं दिवस संपतच नाही!

तंबू आम्ही मालवणजवळच्या आचरा गावाच्या जवळ एका माडाच्या बागेत टाकायचो, मालकीण आजींना विचारून. वाळूवर नाही, वाळूवर रात्री कासवं अंडी घालायला येऊ शकतात आणि भरतीच्या रेषेच्या आसपास टिटवीसारखे छोटे चिखल्ये रात्र काढतात, तिथं माणसानं मुक्काम ठोकू नये असं माझं ठाम मत आहे. त्या आजी पहिल्या वर्षी आमचे तंबू बघून बिलकुल नवल करत नव्हत्या. आचऱ्यात काही वर्षांनी गावपळण असते ना, देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहुट्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहतं, त्यामुळे उघड्यावर राहणं म्हणजे काय ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. चूल कुठं मांडायची, वारा रात्री कुठून फिरतो, सगळं त्यांनी दाखवलं. आम्ही घरचा चिन्नोर नेलेला असायचा, तो शिजायला लागला की वासानं त्या स्वतः येऊन उभ्या राहायच्या, आणि मग त्यांच्याकडून सोलकढीचा टोप यायचा. चिन्नोरचा भात आणि सोलकढी, बाप्पा, काय सांगू.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती भरतीची वाट बघणं. समुद्राचे पक्षी बघायचे तर घड्याळापेक्षा पाणी महत्त्वाचं. ओहोटीला चिखल आणि वाळू उघडी पडते, तेव्हा तुतवार, चिखल्ये, कुदळ्ये पार लांबवर पांगून चरतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की चरायची जागा कमी कमी होत जाते आणि तेच पक्षी सरकत सरकत किनाऱ्याकडे येतात, शेवटी एका कोरड्या पट्टीवर सगळे गोळा होऊन एका पायावर उभे राहतात. म्हणजे तुम्ही पक्ष्यांमागे पळायचं नाही, आधीच जाऊन गप बसायचं, पाणी त्यांना तुमच्याकडे घेऊन येतं.

आता भरती कधी, हे तिथल्या एका रापणकरानं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यानं, आमच्या ढिवर काकांना शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. वेळ थोडी इकडंतिकडं होते पण हिशोब खरा. काकांनी ते ऐकलं आणि तेव्हापासून शिबिर एकादशीलाच, कारण सकाळी सव्वाआठला पूर्ण भरती म्हणजे उजाडल्यापासून पक्षी जवळ जवळ येणार, आणि सूर्य आपल्या पाठीमागून उगवणार म्हणून उजेड पक्ष्यांच्या अंगावर. ज्यांचा उपास त्यांच्यासाठी वहिनी मंडळी पहाटे उठून साबुदाणा उसळ करायच्या, ती डब्यात घेऊन आम्ही अंधारातच खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायचो.

आणि ते दीड-दोन तास! शिक्षक, शेतकरी, नववीतली पोरं, कॉलेजातून सुटीवर आलेले जुने विद्यार्थी, सगळे वाळूवर एका ओळीत, मोठ्यानं बोलायचं नाही, उठायचं नाही, फोन पिशवीत. गावात वर्षभर जे लोक बांधावरून एकमेकांशी बोलत नव्हते तेसुद्धा एकाच दुर्बिणीतून आळीपाळीनं बघत होते, हे मी पाहिलंय. ओळीच्या एका टोकाकडून कुजबुज यायची, कुदळ्यानं खेकडा पकडला, झटकून झटकून त्याचे पाय पाडले आणि मग गिळला. सँडरलिंग लाटेच्या पुढं पळायचे, लाट मागं गेली की तिच्या मागं, थकतच नाहीत. तो एवढासा पक्षी पार उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात घरटं करतो, आणि छोटा वाळूचिखल्या लडाख-तिबेटच्या पठारावरून येतो, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा एक पोरगी हळूच म्हणाली, म्हणजे हापण घाट उतरूनच आला.

कुरव म्हणजे सीगल, ते ओळखताना मात्र दरवर्षी गोंधळ. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचा असतो, डोळ्यामागं एक काळसर ठिपका तेवढा उरतो, तपकिरी रंग उन्हाळा जवळ आला की परत चढतो. आणि समुद्र गरुड! पांढरं डोकं, पांढरं पोट, पंख वर उचलून घिरट्या, कधी पायात लोंबता समुद्री साप. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर त्याचं काटक्यांचं भलंमोठं घरटं असतं, जोडपं त्याच घरट्यावर वर्षानुवर्षं भर घालत राहतं.

एका वर्षी दुसरीकडून आलेले काही फोटोवाले थेट त्या बसलेल्या थव्यात चालत गेले, सगळे पक्षी उडाले. लोकांना वाटतं, उडाले तर काय झालं, परत बसतील. पण भरतीचे तेच तास त्यांच्या विश्रांतीचे असतात, अंगावर चरबी धरली तरच मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर परत जाता येतं, दहा वेळा उडवलं तर ती चरबी इथंच जळते. काका उठून त्यांच्याकडे गेले आणि हात जोडून समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलंसुद्धा.

नऊ-साडेनऊनंतर पाणी उतरायला लागलं की रापण. वाळूवरून दोन्ही टोकं धरून जाळं ओढायचं, आमची सगळी पोरं दोराला. घारी आणि कुरव डोक्यावर, बगळे पायाशी. रापणकर विचारायचे, "खंयसून इलात?" आणि गोंदिया म्हटलं की थोडं थांबून, "म्हंजे नागपूरच्याय पलीकडे?" काका जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, बोटांनी मोजून बघायचे, गाठ कशी मारली ते विचारायचे. तेव्हाच ते म्हणाले होते, "आमच्या तलावात पानी वर्षातून एक डाव भरते, अन् तुमचं त दिवसातून दोन डाव!" रापणकर हसला आणि बांगडा मासळीची एक पाटी उचलून आमच्या पोरांच्या हातात दिली.

रात्री कंदिलाभोवती पक्ष्यांची हजेरी. नुसतं नाव सांगितलेलं चालत नाही, तो काय करत होता ते सांगायचं, तरच वहीत नोंद. ह्या नियमामुळे लाजरी पोरंसुद्धा बोलायला लागली, एवढंच नाही तर घरी आल्यावर तलावाकडे बघायची त्यांची नजर बदलली. जानेवारीनंतर आपल्या बोड्यांचं, म्हणजे छोट्या तळ्यांचं, पाणी आटून चिखलाची कडा उघडी पडते, तिथं तुतवार उतरतात, आधी कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता पोट्टे सायकली टाकून तिथं बसलेले असतात.

शिबिराची नावं आम्ही नोव्हेंबरात पक्षी सप्ताहात घेतो, ५ तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. काकांचे गुडघे आता प्रवासाला साथ देत नाहीत, म्हणून तिथीचा हिशोब नववीतली एक पोरगी करते. यंदा तिनं एकादशी सोडून द्वादशी धरलीय, म्हणते नऊ वाजता भरती म्हणजे लहान पोरांना उठवायला थोडा वेळ मिळेल. काकांनी कॅलेंडर मागवून घेतलं, बोटांवर पाऊणपट केली, आणि म्हणाले तिकिटं काढा.